मानीव दिनांक

आदेश आला. अडीच पानं, मागे यादी,
यादीत मी चवथा.
निखाडेबाईंनी पेनाच्या टोकानं दाखवलं:
श्री. किरणापुरे टी. डी., आरोग्य कर्मचारी, यांना
आरोग्य सहाय्यक या पदावर
दिनांक १२ सप्टेंबर १९९८ हा
मानीव दिनांक देण्यात येत आहे.

म्हणजे कसं, बाई?
म्हणजे काका, त्या दिवसापासून तुम्ही साहेब होता
असं मानायचं.

मानलं.

कुरखेडा ते नागपूर सतरा तारखा झाल्या याच्यासाठी.
पहाटेची एसटी, डब्यात पोळी आन् लाखोरीची डाळ,
मांडीवर ज्येष्ठतेची यादी,
घडी मोडून मोडून चार तुकडे झालेली,
सेलोटेपनं जोडलेली.

घरी येऊन जुनी डायरी काढली,
निळ्या पुठ्ठ्याची, कडेनं कसरीनं खाल्लेली.
१२ सप्टेंबर, शनिवार.
घरभेटी ५३. ताप ९. काचपट्ट्या ९.
खाली शिसपेन्सिलीनं: नाल्यात सायकल वाहता वाहता राहिली.

म्हणजे ज्या दिवशी मी साहेब झालो
त्या दिवशी कंबरभर पाण्यात उभा होतो,
सायकल खांद्यावर, पेटी डोक्यावर,
पेटीत नऊ जणांचं थेंब थेंब रक्त,
आन् मला कोणी सांगितलं नाही.

एक पोरगी होती त्या टोलीवर.
डाव्या हाताचं बोट मुठीत लपवून
कोठीमागं पळाली, ओरडत:
नको साहेब, नको साहेब!
माझं खरं पद त्या दिवशी
एवढ्या सरकारात
तिला एकटीलाच माहीत होतं.

दुसऱ्या पानावर, कलम चार:
वेतननिश्चिती काल्पनिक. थकबाकी अनुज्ञेय नाही.
गिरजाला वाचून दाखवलं.
ती म्हणाली, मंग मी बी तवापासून साहेबीण.
बसा, काल्पनिक चहा मांडते.
चहा खरा होता. साखर जास्त पडली होती.

यादीत दुसरा हरबाजी कोहपरे.
शेऱ्याच्या रकान्यात : मयत.
आम्ही दोघांनी एकाच दिवशी सुई हातात घेतली होती.
हिवताप मोजता मोजता त्याच्याच डोक्यात चढला,
दोन हजार तीन साली.
आता आदेशाप्रमाणे
तो गेला तेव्हा साहेब होता.
त्याच्या तेरवीला ऑफिसातून कोणी आलं नव्हतं.

सकाळी पोच द्यायला गेलो.
सहीखाली तारीख कोणती टाकू, बाई?
आजचीच की, काका, त्या हसल्या.
मग दुसरा कागद पुढे केला:
कोहपऱ्यांचं घर तुम्हाला माहीत असंल ना?
त्यांची प्रत तुम्हीच नेता का?

नाल्यावर आता पूल आहे.
पुलावर थांबलो जरासा, उगाच.
वहिनीला काय सांगायचं ते जुळत नव्हतं,
अजून नाही जुळलं.
सायकल हातात धरून चालतो आहे,
पिशवीत अडीच पानं.
डायरी ठेवायची सवय सुटली,
नाही तर लिहिलं असतं:
घरभेट १.