थेंब मुरेपर्यंत

ड्युलुथमध्ये एप्रिल म्हणजे नुसतं नाव.
सरोवरात अजून बर्फाचे पत्रे एकमेकांवर घासताहेत
आणि ओडनीबाई खिडकी उघडायला तयार नाहीत.
"उघडावीच लागेल," मी म्हणतो,
"टर्पेंटाइन डोक्यात जातं."
"उघड मग, कॉर्विन. पण कोट घालून काम कर."
आणि स्वतःही कोट चढवून
स्टुलावर बसतात, माझ्यावर लक्ष ठेवायला.

ओटा सिमेंटचा, पोटात फुटक्या बाटल्या:
बियरच्या हिरव्या, औषधांच्या तपकिरी,
मधूनच एखादी निळी चकती.
कुणी टाकलेलं उचललं, फोडलं, ओतलं, घासून गुळगुळीत केलं.
तेवढाच पृथ्वीवरचा भार हलका,
असं थॉर्वाल्ड म्हणायचा म्हणे,
पाटाशिवाय, थेट ओट्यावर पाव कापत.

आता काच दिसत नाही.
वर मेण. बारा वर्षांचं.
दर शनिवारी रात्री, भांडी झाल्यावर,
फडक्यानं घोटून घोटून बसवलेलं,
जुन्या चष्म्यासारखं पिवळट.
बोट दाबलं तर ठसा राहतो.

लोक म्हणतात, आहे त्यावरच मारा की नवा लेप.
तसं होत नाही.
लेपाला आत शिरायचं असतं.
मेण त्याला उंबऱ्यावरच थोपवतं,
तो तिथेच वाळतो,
पंधरवड्यात पापुद्रे सुटतात
आणि शिव्या मला.

म्हणून वीतभर ऊब द्यायची,
(केस वाळवायचं यंत्र बाईंचंच)
मेण घामेजलं की प्लॅस्टिकची पट्टी, तिरकी, हलक्या हातानं.
मग टर्पेंटाइन, मग फडकं.
फडकी त्यांनी दिली: चौकड्यांचा फ्लॅनेलचा शर्ट,
सरळ रेषेत फाडलेला,
बटणं आधीच काढून ठेवलेली.

मग थेंब.
पाण्याचा एक थेंब टाकायचा आणि गप्प राहायचं.
टपोरा होऊन बसला, तर मेण आहे अजून.
पसरून काळा पडला, मुरला,
तर दगडाला तहान लागली.
बसला. बसला. पुन्हा घासलं. बसला.
पाचव्या खेपेला मुरला.

सिंकच्या डाव्या हाताला, दुपारी, मेणाखालून
पांढुरका डाग वर आला, पंजाएवढा.
सिमेंट विरघळलेलं, काच मात्र जागच्या जागी,
हिरडी सुटलेल्या दातांसारखी.
"आंबटानं खाल्लंय," मी म्हणालो. "जुनं आहे."

बाई स्टुलावरून उतरल्या.
डागावर बोट फिरवलं, एकदा, मग उलट्या दिशेनं.
"हेरिंग," म्हणाल्या.
"त्या नाताळात मी फार्गोला होते, बहिणीकडे.
मला म्हणाला, व्हिनेगरची बरणी दुकानातच फुटली."

नंतर बराच वेळ फक्त खिडकीतलं वारं.

"मी सगळ्यांना सांगायचे,
आमचा माणूस कप विसळत नाही,
पण ओट्याची केवढी हौस!"
आणि हसल्या. की खोकल्या. टर्पेंटाइन होतंच.

गाडीत हिऱ्याची चकती आहे, मी म्हणालो,
अर्ध्या तासात घासून सपाट करतो,
कुठे होता ते सापडणारसुद्धा नाही.
त्यांनी ऐकलं नसावं.
नळाखाली बोट धरलं, डागावर झटकलं.
थेंब पडल्या पडल्या आत.

"लेप लावल्यावर दिसेल हा?"
"दिसेल. उलट गडद होईल, कायम ओला असल्यासारखा."
"बरं."

संध्याकाळी लेप लावला, दोन हात,
मध्ये वीस मिनिटं थांबून.
उद्यापर्यंत वर काही ठेवू नका, म्हटलं.
तेव्हा ताटल्या हातात धरून
आम्ही उभ्यानंच जेवलो, दोघंही कोटात,
बंदरात लोखंडाची बोट भोंगा देत होती.

निघताना खरवडलेलं मेण टाकायला उचललं
तर बाई म्हणाल्या, "थांब."
पिठाचा काटा काढला,
त्यावर रिकामा वाडगा ठेवला,
आणि काटा आधी शून्यावर आणला.