एकेचाळीस पूर्णांक सहा

बिडवे मॅडम म्हणतात, मरेपर्यंत थांबायचं नाही.
तोल गेला की आकडा लिहायचा
आणि निवटी लगेच गार पाण्यात.
मी हो म्हणतो. माझं काम तेवढंच,
दर तीन मिनिटांना एक अंश वाढवणं.

अठ्ठाविसाला ती डोळे पाण्याबाहेर काढून बसते,
ऐरोलीच्या खाडीत बसते तशीच,
कुणाची तरी वाट बघत, पण घाई नसलेली.
तेहेतिसाला कल्ले फडफडतात.
अडतिसाला काचेवर चढू बघते
पुढच्या परांच्या कोपरांवर,
घसरते, पुन्हा चढते.
चाळिसाला अंगावरचे निळे ठिपके विझतात.
मग थोडा वेळ काहीच होत नाही.
तो वेळ मला आवडत नाही.
मग ती कलते,
पाणी शिरलेल्या होडीसारखी, हळू, एका बाजूने.
एकेचाळीस पूर्णांक सहा.
लिहिलं.

दोन आठवडे तेहेतीस अंशात ठेवलेल्या
जरा उशिरा पडतात. अर्धा अंश, कधी पाऊण.
सवयीने मिळतं ते एवढंच, मॅडम सांगतात.

या निवट्या माझी आई पकडते,
धर्मी मढवी, दिवा कोळीवाडा.
ओहोटीला मांडीभर चिखलात,
बिळाच्या एका तोंडावर टाच,
दुसऱ्यात हात, पार खांद्यापर्यंत.
कॉलेज नगावर पैसे देतं म्हणून खूश होती,
पण एकदा माझा डबा घेऊन आली
आणि दारातच थबकली.
"आरं, जित्त्या मासलीला कला शिजवतंस?"
मी समजावलं, खाडी तापतेय,
किती सोसेल ते कळायला नको का?
"सोसतंय कोन?
उन चरला का ती बिलान जाते.
खाली हात घालून बघ,
मे महिन्यान पन थंडगार."

मॅडमना सांगितलं. त्यांचं पेन थांबलं.
"खरंय," म्हणाल्या, "चंचुपात्राला बीळ नाही."
आणि वहीच्या समासात काहीतरी लिहिलं,
मला वाचता आलं नाही.

रविवारी मी तापमापी दोरीला बांधून नेली.
दुपारी दीड. चिखलावरची साय, चव्वेचाळीस.
आईचा हात पोचतो तिथे, एकोणतीस.
पलीकडे पाच डंपर रांगेत,
मातीचा भराव गेल्या महिन्यापेक्षा
चाळीस पावलं पुढे आलेला.
त्याच्या खालची बिळं कुणी मोजली नव्हती,
मीही नाही.

तपासून झालेल्या अकरा निवट्या
बादली कलती करून सोडल्या.
दहा दिसेनाशा झाल्या.
अकरावी गाल फुगवून तिथेच बसली
आणि अचानक कलली.
माझा हात घड्याळाकडे गेला.
ती नुसती लोळत होती ओल्या चिखलात,
एकदा या कुशीवर, एकदा त्या,
पाठ ओली करून घेत.

"चल," आई म्हणाली, "पानी भरतंय."