मागचं दार

सारेमा बेटावर मी नवा पाळक होतो
आणि पाळायला अकराच माणसं उरली होती.
पहिल्या रविवारचं वचन: मरेपर्यंत विश्वासू राहा.
त्यातल्या एका 'पर्यंत'वर मी चार पानं लिहिली होती.
मरणाची घटका येईतो, की मरण पत्करूनही?
दोन कोश, एक तळटीप.

उपासना संपल्यावर शेवटच्या बाकावरची साल्मे,
नव्वदीला टेकलेली,
कोटाची बटणं लावत म्हणाली,
"माझं 'पर्यंत' एकावन्न सालीच संपलं, बाळा."

तेव्हा ती शाळेत शिकवायची.
मुख्याध्यापकांच्या टेबलावर टाइप केलेला कागद:
मी चर्चमध्ये बसत नाही, बसणार नाही.
"पेन चांगलं होतं. शाई अडली नाही.
अडली असती तर
निदान तेवढा वेळ मिळाला असता."
कोंबडा वगैरे कुठे आरवला नाही.
दुसऱ्या दिवशी अपूर्णांकांचा तास होता,
तो तिने घेतला.

मात्र त्या हिवाळ्यापासून दर शनिवारी, अंधार पडला की
वेदीचं कापड मागच्या दाराने बाहेर जायचं
आणि उजाडायच्या आत परतायचं,
धुतलेलं, कांजी केलेलं, अजून कोमट.
अठ्ठावीस वर्षं.
आत ती एकदाही बसली नाही.
सही केली होती ना;
असल्या शब्दालासुद्धा ती जागली.

"मग ती निष्ठाच नव्हे का?" मी विचारलं.
"कापड होतं," ती म्हणाली. "मळायचं."

धीर द्यायच्या घाईत मी दुसरं वचन काढलं:
आपण अविश्वासू झालो, तरी तो विश्वासू राहतो.
ती हसली. दात नव्हते, पण हसली.
"त्या कापडाच्या काठावर तेच भरलेलं आहे.
भरतकामाला इस्त्री उलट्या बाजूने करतात.
इतकी वर्षं मी ते मागून वाचलं,
उलटी अक्षरं, गाठी, लोंबते धागे.
सुलट बाजू तुम्ही लोक बघत होतात."

खिडकीबाहेर समुद्र गोठला होता.
आमच्या समुद्रात मीठ फार थोडं,
मिठाला जागायचं म्हटलं
तर तेवढ्याशालाच जागावं लागतं.

माझी चार पानं हातातच राहिली.
ती वेदीपाशी गेली, वाकली,
काठावर सांडलेला मेणाचा थेंब
नखाने खरवडला,
आणि जाता जाता म्हणाली,
"शनिवारी दार उघडं ठेव.
पुढचं नको. मागचं."