नववा

यंत्राकडे रंग चोपन्न.
त्यातले एका माणसाच्या वाट्याला तीन.
चौथा म्हणजे आरपार,
तोही हिशेबात धरायचा.

मी चौकटींच्या कागदावर खाणकामगार बसवत होते:
एक रंग चेहऱ्याला, एक कपड्यांना,
उरलेला टोपीवरच्या दिव्याला.
गालावरच्या कोळशाला रंग उरला नाही,
तिथे आरपार ठेवलं.
मागची खाण काळीच होती,
ती गालांतून डोकावली. फुकट.

दिव्याचा पिवळा मात्र जमेना.
चोपन्नात एक पिवळा धड नाही,
एक शेवाळलेला, एक आजारी.
"मित्सुए-सान, प्रत्येकाच्या टीव्हीवर तो वेगळाच दिसणार,"
कुराहाशी म्हणाला. हे त्याचं सांत्वन.

साप्पोरोत, नूडल्सच्या दुकानावरची खोली.
खालून मिसोचा वास, काचेला आतून बर्फ.
त्याच वर्षी यंत्राखाली बसवायचा डबा आला होता,
चकती आत ढकलायची,
की जागा वाढते, आवाजात एक सूर वाढतो.
आणि रंग?
रंग तेवढेच.

पाळी सुटते, नऊ जण ओळीनं उभे राहतात,
असा प्रसंग होता.
मी नऊ काढले. दिसले आठ.
एका आडव्या रेघेत आठच मावतात,
नवव्याकडे यंत्र बघतच नाही.
"यादीत जो शेवटी, तो जातो.
आठच ठेवू या का?"

मी म्हटलं, नऊ होते.
होते, असं म्हटलं.
त्यानं सिगारेट विझवली.

पहाटेपर्यंत त्यानं यादी फिरती केली:
सेकंदाला साठ वेळा क्रम बदलायचा,
दर वेळी नववा दुसराच कोणी,
कायमचा कोणीच नाही.
सगळेच आता थोडे थोडे नव्हते.

टोकियोहून चिठ्ठी आली:
चित्र लुकलुकतं. दोष. दुरुस्त करावा.
आम्ही केला नाही.

नववर्षाला आईकडे गेले, खाणीच्या वसाहतीत.
चारच धुराडी चालू होती.
तिच्या जुन्या टीव्हीला सगळं जोडलं.
कोटात्सूच्या रजईत पाय घालून
ती बघत राहिली, बराच वेळ.
मला वाटलं, मोजेल.
मोजलं नाही तिनं.
चहा ओतता ओतता एवढंच म्हणाली,
"बॅटऱ्या उतरल्यात त्यांच्या.
वर घ्या म्हणावं, लवकर."