जरासं म्हंजे किती

मोरेवाडीच्या माळावर, चित्रनगरीत,
भाग एकशे चौदा, दृश्य सहा.
चौकट सागवानी, पलीकडं घर नाही.
हिंदुराव चौगुले, मुक्काम वडणगे,
वय अडुसष्ट,
पाच दिवसांसाठी बाप.

कागद हातभर लांब धरून
त्यांनी पहिल्यांदा वाचलं:
"बीट. जेवलीस का?"

सगळा सेट हसला.
लाइटवाला शिडीवरून पडता पडता हसला.
हिंदुरावही हसले, मग माझ्याकडं वळून म्हणाले,
"ताई, लिवलंय तुमीच.
पोरगी सात वर्सांनी दारात आली
आनि बापानं बीट का इचारावं?
कोशिंबीर हाय का?"

म्हटलं, ते बोलायचं नसतं.
कंसात आहे ना, म्हणजे थांबायचं. जरासं.
"जरासं म्हंजे किती?"
एक श्वास. दोन.
"आनि तेवढ्यात करायचं काय?"
काही नाही.
"मग लिवलं कशाला?"

मला तरी कुठं माहीत होतं.
एका भागात मी अकरा बीट टाकते.
सून दचकते, बीट. सासू वळते, बीट.
पुण्याच्या कार्यशाळेत कुणीतरी सांगितलेलं,
मनात काही हलतं ती जागा,
ते वहीत उतरवून घेतलं नि पान उलटलं.
पोलिसाचं बीट असतं, वनरक्षकाचं असतं,
त्यांना निदान आपली हद्द ठाऊक असते.
माझं बीट म्हणजे
जिथं वाक्य सुचलं नाही
तिथं लावलेली वीट.

हिंदुरावांनी चहा बशीत ओतला.
"आमी तीस वर्सं गुळव्या हुतो.
काहिलीत रस चढलाय, मळी काढलीया,
चौघं कडीला हात घालून हुबी
आनि सगळी माझ्या तोंडाकडं बघत्यात.
बुडबुडा आधी बारका असतोय, मग मोठा, मग जड.
पाण्यात थेंब सोडायचा, बोटानं गोळी बघायची.
'उचला' लवकर म्हटलं तर ढेप बसत न्हाई,
उशिरा म्हटलं तर गूळ काळा.
त्या मधल्या टायमाला मी काय करत हुतो?
कायबी न्हाई.
पन मालकाचा सगळा ऊस
तेवढ्यात असायचा.
त्येच म्हंता न्हवं तुमी?"

हो, म्हटलं. तेच.
एवढं खोटं मी मालिकेतही लिहिलं नव्हतं.

टेक.
पोरगी चौकटीत आली, खांद्यावर बॅग.
हिंदुरावांनी तिचं तोंड पाहिलं नाही,
पाय पाहिले.
उजव्या चपलेचा अंगठा तुटलेला.
आधीच्या दृश्यात तो धड होता,
चूक आमची, कुणाच्याच लक्षात आली नव्हती.
तिथं ते थांबले.
लांब जनरेटर चालू असल्याचं
दिवसात पहिल्यांदा ऐकू आलं.
लाइटवाला शिडीवर तसाच.
"जेवलीस का?"

अकरा सेकंद. मी मोजले.

रात्री मुंबईहून वाहिनीचा निरोप:
दृश्य छान झालंय, फक्त मध्ये हवा आहे,
ती काढा.
संकलकानं हवा काढली.
दीड सेकंद उरला,
त्यावर सतारीची एक किंकाळी बसवली.

गुरुवारी भाग लागला.
शुक्रवारी हिंदुराव पाकीट न्यायला आले.
"बायको म्हटली,
पोरगी सात वर्सांनी आली
आनि लईच गडबडीत इचारलासा की वो."

मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात?

त्यांनी पाकीट न मोजता आतल्या खिशात घातलं.
गुंडी लावली.
चपलेनं माळावरचा एक खडा
उगाच थोडा पुढं सरकवला,
परत मागं आणला.

"काय न्हाई," म्हणाले.

या वेळी मी मोजलं नाही.