दोन बाकं मागे

पहिल्या आठवड्यात मी लिअँडरच्या शेजारी बसायचे.
खिडकी त्याची, पिशवी माझ्या मांडीवर.
पिवळं घर, मग लाल घर, मग चर्च,
मग उतारावर बंदर दिसलं की दोरी ओढायची.
सेंट जॉन्सला धुकं आलं की सगळी घरं राखाडी होतात,
हे मी लक्षातच घेतलं नव्हतं.
तो म्हणाला, "वास येतो ना."
मासळीच्या कारखान्याचा.
मी वहीत लिहिलं: खूण चौथी, नाक.

दुसऱ्या आठवड्यात एक बाक मागे.
चौथ्यात दोन.
माझं कामच असं,
दर आठवड्याला थोडं थोडं नसणं.
मंजूर तास अकरा.
बाराव्या तासाला लिअँडर कुणाचा,
हे त्या कागदाला विचारायची सोय नाही.

त्याची आई अर्सुला, सत्त्याहत्तरची.
चहा ओतता ओतता सरळ म्हणाली,
"मला त्याच्यानंतर मरायचंय. एकच दिवस नंतर.
आईने असं मागावं का गं?"
मी बशीतल्या बिस्किटाकडे बघत राहिले.
बिस्किटं त्यानेच आणलेली,
बेकरीत ट्रे धुतो तो, मोडकी घरी नेऊ देतात.

सातव्या आठवड्यात मी बसमध्ये नव्हतेच.
माझ्या गाडीत, बसच्या मागे,
चोरपावलांनी गाडी चालवता आली असती तर तशी.
आणि नेमकी त्याच दिवशी पाण्याची नळी फुटली,
बस वळवली, मध्ये बर्फ उपसणारा ट्रक घुसला.
ट्रक हलला तेव्हा पुढे नुसतं धुकं.

बेकरीत फोन केला. आला नव्हता.
औषधांच्या दुकानातल्या मॅव्हिसला केला,
तिने रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या क्लेटसला हाक मारली,
क्लेटसने आणखी कुणाला.
"हिरव्या टोपीचा? तो चर्चची घंटा मोजणारा?"
"परवा माझी हातगाडी त्यानेच चढावर ढकलली."
एक जण मात्र म्हणाला,
"अशांना एकटं सोडतातच कशाला?"
उत्तर लांबलचक होतं आणि माझा जीव टांगणीला.

सात आठवडे मी त्याला गाव शिकवत होते.
माझ्या वहीला न विचारताच
गाव त्याला शिकून बसलं होतं.
सगळं नाही. थोडंफार. जेवढं जमेल तेवढं.

शेवटच्या थांब्यावर बस उभी होती, दिवे लावून.
ड्रायव्हर सँडविच खात होता,
अर्धं लिअँडरच्या हातात.
"पिवळं घर आलंच नाही," तो म्हणाला.
"वासही आला नाही. मग उतरू कसा?"
मग माझ्याकडे नीट बघून,
माझ्या कोटाची चुकलेली बटणं बघून:
"तू हरवली होतीस?"

हो म्हटलं.
तो सरकला. "खिडकी तू घे."
माझी गाडी तिथेच राहिली, दंडही झाला.
तो त्याच्या जागी, मी खिडकीशी,
वळणावर त्याने कोपर मारलं:
"आता. नाकाने बघ."

महिनाअखेरचा अर्ज.
एकट्याने प्रवास करतो: होय / नाही.
दोन्हींच्या मधल्या रेघेवर
मी बारीक अक्षरात नावं लिहिली,
मॅव्हिस, क्लेटस, हातगाडीवाली,
ड्रायव्हरचं नाव विचारायचंच राहिलं होतं.
अर्ज परत आला.
एकाच ठिकाणी खूण करा.

सोमवारी मी थांब्याच्या पलीकडे उभी होते.
तो चढला, पास दाखवला,
पुढच्या बाकावर बसला.
मागे वळून पाहिलं नाही.
यासाठीच तर सगळं केलं होतं.
तरी जरा वाईट वाटलं,
ते वहीत लिहिलेलं नाही.