किनाऱ्यापासून अंतर

अर्जाचा सातवा रकाना विचारतो:
राहतं घर समुद्रकिनाऱ्यापासून किती किलोमीटर?
दत्तनगरच्या खोलीत, शेजारच्या मागांच्या खटखटीत
मी मोबाईलवर नकाशा ताणते.
पश्चिमेला सरळ रेघ मारली तर पावणेतीनशे,
पूर्वेला साडेपाचशे.
मी साडेपाचशे लिहिते.
आमचं पाणी तिकडे जातं.

रंगखात्यातलं निळं, मोरीतलं फेसाळ,
नाल्यातून सीनेला, सीनेतून भीमेला,
भीमा कृष्णेला,
आणि कृष्णा हंसलदीवीला, खाऱ्या चिखलात.
त्या चिखलात मला सोलापूरचा धागा शोधायचा आहे,
टॉवेलातून सुटलेला, केसाहून बारीक,
एखाद्या शिंपल्याच्या पोटात अडकलेला.
असेल की नाही, ठाऊक नाही.
'अपेक्षित निष्कर्ष' या रकान्यात
असं लिहिता येत नाही, हत्तुरे मॅडम म्हणतात.

दोन वर्षांची शिष्यवृत्ती.
प्रवास, नमुन्याच्या बाटल्या, गाळण्या,
सूक्ष्मदर्शकाचे तास, होडीवाल्याचा रोज.
आकस्मिक खर्च म्हणजे काय गं, बापू विचारतो.
जो आधी ठरलेला नसतो तो.
तो हसतो:
मग आपल्या घरात सगळा तोच की.

अम्माच्या सुपात विड्यांचा सातवा शेकडा.
पान कातरता कातरता ती विचारते,
व्याज किती?
नाही.
हप्ता?
नाही.
जामीन कोण राहणार?
कुणीच नाही अम्मा, हे फेडायचंच नसतं.
कात्री थांबते.
बचत गटात वीस वर्षं सही करणारी बाई
माझ्याकडे अशी बघते
जशी मी कुणाला तरी फसवून आलेय.
फेडायचं नाही तर देतात कशाला?
चिखल बघायला, मी म्हणते.
तिथला चिखल अजून कुणी नीट बघितला नाही म्हणून.

रात्री दिवा घालवल्यावर, भिंतीकडे तोंड करून,
ती म्हणाली, हंसलदीवी ऐकलंय.
तिच्या मावशीच्या गावचं कुणीतरी तिथं स्नानाला गेलेलं.
परत आलं तेव्हा धोतराला मीठ होतं म्हणे,
पोरं चाटून बघत होती.

उत्पन्नाचा दाखला दोनदा परत आला.
विड्यांची मजुरी धरायची की नाही
यावर तहसीलच्या खिडकीतल्या दोघांचं जमेना.
बापूचं आधार कार्ड दोन एमबीत बसेना.
शेवटच्या रात्री ते चाक
गोल गोल गोल फिरत राहिलं
आणि अकरा बावन्नला अर्ज गेला.
निकाल जूनमध्ये.
किंवा, यथावकाश कळवण्यात येईल.

सकाळी मोरीच्या जाळीवर
बापूच्या टॉवेलातून निघालेला गुंता, निळा, ओला.
अम्मा तो रोज चिमटीनं उचलून टाकते.
आज टाकला नाही.
शेंगाचटणीच्या रिकाम्या बाटलीत पाण्यासकट घालून
माझ्या उशाशी ठेवला, झाकण घट्ट.
वर माझ्याच पेननं
तिच्या तेलुगू शाळेतल्या अक्षरात काहीतरी.
मला ती लिपी येत नाही.
मी खाली मराठीत लिहिलं:

नमुना एक.
पाण्याची खोली, दीड वीत.
खर्च, निरंक.